पाकळी पडेपर्यंत

ओल्या दगडाला चिकटवलेली कण्हेरीची पाकळी पडायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं तर मला एका शब्दात सांगता येणार नाही. उन्हाळ्यात लवकर पडते. पावसाळ्यात गाभाऱ्याच्या भिंतीच ओल्या असतात, तेव्हा बाहेर दोन वेळा चहा होईल इतका वेळ ती चिकटून राहते. आणि लावणाऱ्याचा अंगठा कसा पडला, यावरही बरंच असतं. हे शेवटचं मी आजवर बाहेर कुठे बोललो नव्हतो.

आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला आहे. आम्ही गुरव. गावच्या भैरोबाची पूजा आमच्या घराकडे आहे आणि पूजेबरोबर कौल लावायचं कामही. कौल लावणं म्हणजे देवाला विचारणं. माणूस आपला प्रश्न घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसतो. गुरव गाऱ्हाणं घालतो, की बाबा, ह्याचं काम व्हायचं असेल तर उजवी दे, व्हायचं नसेल तर डावी दे, आणि देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेली एकेक पाकळी लावतो. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची आधी पडली तर नकार. बोअर कुठं मारायची, म्हैस विकायची का, पोरगी अमक्या घरी द्यायची का, असले प्रश्न असतात. लागलेला कौल मोडायचा नाही आणि त्याच प्रश्नासाठी वर्षाच्या आत पुन्हा देवाला त्रास द्यायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे.

मी स्वतः मेढ्यात फोटो स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, एक स्टूल, मागे निळा पडदा आणि झेरॉक्सचं मशीन, जे आठवड्यातून एकदा तरी कागद गिळून बसतं. दिवसभर पासपोर्टचे फोटो काढतो, त्यामुळे लोकांच्या तोंडाकडे बघणं हा माझा धंदाच आहे. फोटोला बसलेला माणूस आधी श्वास रोखतो, मग हनुवटी वर करतो, मग डोळे ताणतो, आणि फ्लॅश पडला रे पडला की 'झालं का?' म्हणत आपलं खरं तोंड करतो. ते खरं तोंड कुठल्याच फॉर्मवर चालत नाही. इतकी वर्षं हे बघितल्यावर माणसाच्या मनातलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं, असा माझा समज होता. तो समज आबांनी उतरवला.

आबा म्हणजे माझे वडील. शिडशिडीत, काटक, बोलायला महाग. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि गाभाऱ्यात फार वेळ उभं राहवेना, तेव्हा दर रविवारी आणि अमावास्येला मी त्यांच्या बरोबर देवळात जायला लागलो. चाळिशीला टेकलेला माणूस बापाच्या हाताखाली नव्याने शिकायला लागला की दोघांचीही पंचाईत होते. मी प्रश्न फार विचारायचो आणि आबांना प्रश्नांची चीड.

पहिल्याच महिन्यात एक रिटायर फौजी आला. पुण्याला सिक्युरिटीची नोकरी मिळत होती, जाऊ का, असा त्याचा प्रश्न. पाठ ताठ, दोन्ही पंजे गुडघ्यांवर, आवाज खणखणीत. "जायाचंच म्हनतोय, फकस्त एकदा देवाला इचारावं," म्हणाला. मला वाटलं, ह्याचा निर्णय झालेला आहे. डावी पाकळी पडली. नकार. फौजी देवाची मर्जी म्हणून उठला आणि शेताच्या वाटेने निघून गेला.

"वाईट वाटलं असंल त्याला," मी म्हणालो.

"वाईट?" आबा म्हणाले. "तू बगत कुटं व्हतास?"

"तोंडाकडं."

"तोंडाकडं बगू नगंस. पायाकडं बग. गाऱ्हानं घालूस्तवर त्यो एका पायानं दुसऱ्या पायाच्या बोटामधला चिखल चोळत बसला व्हता. नोकरीला जायची घाई असती तर पाय धुऊन आला असता."

मला हसू आलं, पण पुढे मी बघायला लागलो आणि हसू थांबलं. माणसाला तोंड सांभाळता येतं. हातही बरेचसे सांभाळता येतात. एकदा हात जोडले की ते कामात असतात. पाय मात्र मोकळे राहतात आणि पायांवर कुणाचं लक्ष नसतं, ज्याचे आहेत त्याचंही नाही.

हेही कळलं की विचार एकदम होत नाही. पाकळ्या लागल्या की पहिले काही क्षण माणूस देवाच्या डोळ्यांकडे बघतो. मग दोन्ही पाकळ्यांकडे आळीपाळीने. मग एका कुठल्यातरी पाकळीवर नजर ठरते, आणि मला सुरुवातीला वाटायचं की हीच त्याला पडायला हवी असणार. तसं नसतं. जी पडायला हवी तिच्याकडे माणूस बघतच नाही. तिच्याकडे बघितलं तर ती पडणार नाही, अशी त्याला धास्ती असते. तो दुसरीवर डोळा ठेवतो, तिला जणू धरून ठेवतो. एक बाई लेकीच्या स्थळाचं विचारायला आली होती. तोंडाने पाच मिनिटं त्या घराचं कौतुक करत होती, घर मोठं, बागायत, सासू गरीब. पाकळ्या लागल्यावर तिची नजर उजवीवर जाऊन बसली ती हलेना. आणि डाव्या पायाचा तळवा तर गाऱ्हाणं चालू असल्यापासूनच हळूहळू उंबऱ्यापासून मागे सरकत होता, बोटभर, परत बोटभर, सासरी गेलेल्या पोरीला कुणीतरी मागे ओढावं तसा. डावी पडली. तिने पदराने तोंड पुसलं आणि वाईट वाटल्यासारखं केलं. जाताना मात्र ती पायऱ्या दोन-दोन करून उतरली.

इतक्या वेळा इतकं बरोबर कसं पडतं, हा प्रश्न मला पडायला वर्ष लागलं. मी मंदच आहे थोडा. एके रविवारी आबा पाकळी लावत असताना मी बाजूने समई सारायला गेलो आणि त्यांचा अंगठा बघितला. एक पाकळी त्यांनी नुसती टेकवली. दुसरी टेकवून वरून अंगठा दाबला, कडेकडेने फिरवला आणि मग सोडला. दाबलेल्या पाकळीच्या खालची हवा निघून जाते. मोबाइलच्या काचेला प्लास्टिक लावताना आपण बुडबुडे काढतो, तसंच. ती बराच वेळ पडत नाही. नुसती टेकवलेली आधी पडते.

घरी आल्यावर मी भांडलो. फसवाफसवी आहे म्हणालो, लोक श्रद्धेने येतात म्हणालो, आणखीही बरंच काही. आबांनी भाकरी संपवली, ताटात पाणी घेतलं, बोटं धुतली.

"मानूस हितं येतो तवा त्याला काय पायजे ते त्याला ठावं असतं," ते म्हणाले. "फकस्त ते सवताच्या तोंडानं म्हनायची छाती नसती. घरच्यांनी धोशा लावल्याला असतो, नायतर लाज वाटती. देवानं सांगितलं की सुटला. मी त्याच्या मनातलं बगतो आन् देवाच्या खांद्यावर ठिवतो."

"आन् मनातलं कळलं न्हाई तर?"

"तर दोनी सारक्याच दाबतो. मग देव बगून घेतो."

मला ते पटलं असं नाही. पण पुढच्या वर्षी आबांच्या गुडघ्यांनी पार दगा दिल्यावर मी एकट्याने कौल लावायला लागलो, तेव्हा माझाही अंगठा आपोआप तेच करायला लागला. ज्याचे पाय होकार देत होते त्याला मी होकार दिला. वाईट वाटत नव्हतं. उलट, खरं सांगायचं तर जरा फुशारकीच वाटत होती.

आबांचं स्वतःचं एक लक्षण होतं आणि ते घरात सगळ्यांना पाठ होतं. त्यांना एखादी गोष्ट नको असली की उजव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतवायचे आणि बाकीची चार बोटं वर उचलायचे. तोंडाने 'व्हय, बघू की' म्हणत असायचे आणि खाली अंगठा रुतलेला. आई स्वयंपाकघरातून बघायची आणि म्हणायची, "रवला बग म्हाताऱ्यानं अंगठा. आता काय व्हत न्हाई." मग तो विषय आम्ही सोडून द्यायचो. आमच्या घरात कुणी कुणाला 'तुला काय पाहिजे' असं सरळ विचारत नाही. गरजच पडत नाही, असं आम्हाला वाटायचं. माझी बहीण सांगलीला दिली आहे. ती माहेरी आली की ह्यावर चिडते. "मानसाला तोंड दिलंय की देवानं," ती म्हणते. "इचारा की तोंडानं. काय पाय बगत बसलाय एकमेकाचं?" तिला आम्ही सगळे हसायचो.

गेल्या फाल्गुनात देवळाच्या पायऱ्या चढताना आबा तिसऱ्या पायरीवर बसले. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय म्हणाले. घाम इतका, की अंगातला सदरा पिळून घ्यावा. साताऱ्याला नेलं, अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी नसा बंद. बहिणीने सगळे कागद मिरजेला मोठ्या हॉस्पिटलात दाखवले आणि आबांनाही तिकडे नेलं. तिथले डॉक्टर नीट बोलले. बायपास करायला हवी, वय आणि साखर बघता धोका आहे, पण केली नाही तर किती दिवस निघतील ते मी सांगू शकत नाही, आठ दिवसांत कळवा, असं म्हणाले. मी विचारलं, धोका म्हणजे किती. ते म्हणाले, टेबलावरही काही होऊ शकतं. हे वाक्य माझ्या कानात बसलं ते बसलंच. मेढ्याला येईपर्यंत गाडीत दुसरं काही सुचलं नाही.

बहिणीचं म्हणणं, ताबडतोब करायचं. आईचं म्हणणं, तुम्ही पोरं ठरवा. माझं म्हणणं काय होतं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. मला ऑपरेशन व्हायला हवं होतं. आणि 'करा' हा शब्द माझ्या तोंडून निघायला नको होता. दोन्ही एकाच वेळी. मी होकार दिला आणि ते टेबलावर गेले, तर बापाला धडधाकट चालत नेऊन मारलं असं लोक नसते म्हणाले तरी मी म्हणालो असतो.

चौथ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "कौल लावू."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. देव सांगेल. आणि अंगणात चूळ भरताना लक्षात आलं, की स्वतःचा कौल स्वतः लावता येत नाही. अंगठा माझा असणार.

सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही दोघं देवळात गेलो. दुसरं कुणी नव्हतं. पायऱ्या ते माझ्या दंडाला धरून चढले, प्रत्येक पायरीवर थांबून. जिथे चाळीस वर्षं लोकांना बसवलं, त्याच उंबऱ्याशी ते पाय पुढे घेऊन बसले. मी देवाला पाणी घातलं. तांब्यात दोन पाकळ्या सोडल्या. वळून बघितलं तर आबा हात जोडून बसलेले, नजर देवाकडे, तोंडावर काही नाही. कोऱ्या कागदासारखं तोंड. एवढं स्वच्छ तोंड मी स्टुडिओत कधी बघितलं नाही.

मी गाऱ्हाणं घातलं. "बाबा, ह्यांचं आपरेशन करायचं असंल तर उजवी दे, करायचं नसंल तर डावी दे." पहिली पाकळी तांब्यातून काढली. दोन्ही सारख्या दाबायच्या, असं मी घरूनच ठरवून आलो होतो. आज आपण काही बघायचं नाही, पायाकडे बघायचं नाही, देवावर सोडायचं. पाकळी डाव्या खांद्यावर टेकवली. टेकवताना वाटलं, ही जास्त दाबली तर होकार येईल, एवढंच तर आहे. मग वाटलं, आणि टेबलावर काही झालं तर? मग वाटलं, सारखी दाबायची ठरलंय ना. मग वाटलं, सारखी म्हणजे किती, आपल्याला आजवर सारखी दाबायची वेळच कुठे आली. हे सगळं व्हायला एक श्वासही लागला नसेल. हात तिथेच थांबला होता. पाण्याचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला, आणि तो पुसायच्या निमित्ताने मी मान वळवली आणि खाली बघितलं.

आबांच्या उजव्या पायाचा अंगठा उंबऱ्याच्या दगडात रुतलेला होता. चार बोटं वर.

झालं. त्यांना नको होतं. माझ्या छातीतून काहीतरी खाली उतरलं, आणि ते काय होतं हे ओळखायला नको म्हणून मी लगेच कामाला लागलो. डावी पाकळी नुसती टेकलेली सोडून दिली. दुसरी काढली, उजव्या खांद्यावर ठेवली, दाबली, कडेने अंगठा फिरवला, पुन्हा दाबला. बाजूला झालो.

डावी पडली. लवकर पडली, उन्हाचे दिवस होते.

आबांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "बरं," म्हणाले. बहिणीला फोन करून सांगितलं तेव्हा ती आधी रडली आणि मग तिने मला मूर्ख, अडाणी आणि आणखी एक शब्द म्हटलं, जो इथे लिहीत नाही. आबांचीच इच्छा नव्हती, मी म्हणालो. "इचारलंस का त्यास्नी?" ती म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

पुढचे दीड-दोन महिने गोळ्यांवर गेले. आबा अंगणाच्या पलीकडे जाईनासे झाले. ओट्यावर बसायचे, जेवताना मधे थांबायचे. आई त्यांच्या पायाला तेल लावायची. मी सकाळी दुकानाला निघताना त्यांच्याकडे बघायचो आणि ते माझ्याकडे, आणि दोघंही एकमेकांना ठीक आहे असं दाखवायचो.

वैशाखात एका मंगळवारी दुपारी ते मेढ्याला माझ्या दुकानात आले. शेजाऱ्याच्या जीपमधून. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, दाढी केलेली. चपला दारात काढून आत येईपर्यंत धाप लागली होती. मी घाबरून उठलो.

"फोटो काड," ते म्हणाले.

"कशाला? कुठला फॉर्म भरायचाय?"

"फॉर्म न्हाई. मोटा काड. भितीवर लावायचा."

मला कळलं. आमच्या भागात म्हातारी माणसं वेळेवर एक चांगला फोटो काढून ठेवतात, नंतर हार घालायला. मी असे कितीतरी काढलेत आणि काढताना चेष्टाही केली आहे, आजी हसा की जरा, नातवंडं घाबरतील. आबा स्टुलावर बसले, निळ्या पडद्यासमोर, हात मांडीवर. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. भिंतीवरच्या फोटोला छातीपर्यंतच घ्यायचं असतं, पाय येत नाहीत. माझी फ्रेम आपोआप खाली सरकली. अंगठा रुतलेला, चार बोटं वर.

मी कॅमेरा खाली ठेवला. राग कुठून आला कुणास ठाऊक.

"नको असंल तर कशाला काढताय मग?" मी ओरडलोच. "आन् मला बी नको. मला तुमचा फोटो भितीवर नको. झेरॉक्सला आलेल्या मानसागत येऊन बसताय!"

आबांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि अंगठा सोडवून घेतला.

"ह्यो खरा हाय," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"देवळातला खोटा व्हता."

मी स्टुलासमोर जमिनीवर बसलो. आबा हळूहळू बोलले, धाप सांभाळत. गाऱ्हाणं घालताना ते देवाकडे बघत नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते. मी डावी पाकळी हातात घेतली आणि माझ्या दोन्ही टाचा जमिनीवरून सुटल्या. देवाचा खांदा माझ्या छातीइतका आहे, टाच उचलायचं कारणच नव्हतं. लहानपणी विहिरीत उडी मारायला उभं केलं की माझ्या टाचा अशाच सुटायच्या, आणि मग मी उडी न मारता परत फिरायचो.

"पोरगं भेलंय म्हनलं," आबा म्हणाले. "तुला व्हय म्हनवत न्हवतं. आन् व्हय म्हनालास आन् मी तितं गेलो, तर जलमभर सवताचा अंगठा बगत बसशील. तू खाली बगनार हे ठावं व्हतं मला. म्हनून रवला."

मी ज्याला त्यांच्या मनातलं समजून देवाच्या खांद्यावर ठेवलं, ती माझीच भीती होती, त्यांच्या पायावरून फिरून परत माझ्या हातात आलेली. दोन महिने ते छाती धरून ओट्यावर बसले, मला माझ्या अंगठ्याकडे बघत बसायला लागू नये म्हणून.

बहिणीचा आवाज कानात होता. मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, आणि ते विचारायला मला किती कष्ट पडले ते सांगितलं तर लोक हसतील.

"आबा, तुमाला काय पायजे? तोंडानं सांगा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला जगायचंय रं," ते म्हणाले. "लय न्हाई. पन जगायचंय."

आणि ते रडले. मीही रडलो. झेरॉक्सला आलेली एक बाई दारातूनच परत गेली.

जरा वेळाने मला दंडक आठवला. कौल तर लागलेला होता, डावा, आणि वर्ष व्हायला अजून खूप अवकाश होता. मी तसं म्हणालो. आबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच जुन्या तऱ्हेने, माझ्या अकलेची कीव केल्यासारखे बोलले.

"देवाचा कवा व्हता त्यो कौल? तू माजं बगितलंस, मी तुजं बगितलं. देवाला इचारलंच कुनी न्हाई."

फोन मी तिथूनच लावला. बहिणीने एक शब्दही बोलून दाखवला नाही, फक्त तारीख कळवते म्हणाली. तिचं हे मोठेपण मी विसरणार नाही, कारण तिच्या जागी मी असतो तर महिनाभर ऐकवलं असतं.

मिरजेच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद पुढे आला. इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीत लिहिलेला, धोक्याची सगळी यादी असलेला. मी वाचला आणि सही केली. सही करताना माझ्या टाचा कुठे आहेत ते बघितलं नाही. आई खुर्चीवर जप करत बसली होती. थोड्या वेळाने आबांना ढकलगाडीवर निजवून बाहेर आणलं. हिरवी चादर गळ्यापर्यंत ओढलेली, डोक्याला टोपी, पण चादर आखूड होती आणि पाय बाहेर राहिले होते. गाडी लिफ्टपाशी थांबली. मी बाजूने चालत होतो आणि सवय कुठे जाणार, माझी नजर तिकडेच गेली. अंगठा कसा आहे. बोटं वर आहेत का. टाचा काय म्हणतायत. काहीच कळेना. गार पडलेले, सुरकुतलेले, तेल लावलेले दोन पाय होते नुसते.

"आरं," आबांचा आवाज आला.

मी वर बघितलं.

"पायाकडं काय बगतुयास? तोंडाकडं बग."

मी बघितलं. तोंड भ्यालेलं होतं. हनुवटी हलत होती, डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते तोंड बघितलं नव्हतं. "मला बी भ्या वाटतंय आबा," मी म्हणालो. "ठावं हाय," ते म्हणाले. लिफ्ट आली आणि गाडी आत गेली.

पाच तासांनी डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क गळ्यात आला होता, टोपी हातात होती, पायांत हॉस्पिटलच्या सपाता. बहिणीने माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटली, "काय वाटतंय रं बघून?" माझ्या पायांना, टाचांना, अंगठ्याला, सगळ्यालाच काय काय वाटत होतं. "थांब," मी म्हणालो, "सांगतील." आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "आता घशात नळी आहे. उद्या-परवा बोलतील तुमच्याशी."